शेअर बाजाराचा खेळ: भांडण गुणफलकाशी असायला हवे

महाविद्यालयीन महोत्सवांचा हंगाम आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत एक वाद हमखास डोके वर काढतो. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या महोत्सवांत ‘मॉक स्टॉक’ ही स्पर्धा आता रुळली आहे. प्रत्येक संघाला काल्पनिक भांडवल द्यायचे, दर काही मिनिटांनी पडद्यावर एखादी बातमी झळकवायची, तिच्या अनुषंगाने भाव वरखाली करायचे आणि दोन-तीन तासांनी ज्याच्या पोर्टफोलिओची किंमत सर्वाधिक भरेल त्याला करंडक द्यायचा, असे तिचे ढोबळ स्वरूप असते. आभासी पैशांनी प्रत्यक्ष बाजारातल्या भावांवर दोन-तीन आठवडे चालणारी स्पर्धा हे तिचेच लांबवलेले रूप. काही पालक आणि प्राध्यापक म्हणतात की हे मुलांना सट्ट्याचे बाळकडू पाजणे आहे. आयोजक म्हणतात की हीच खरी आर्थिक साक्षरता आहे. वर्षानुवर्षे दोन्ही बाजू हीच दोन वाक्ये एकमेकांवर फेकत आहेत. जुगार की शिक्षण, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या नावात किंवा विषयात सापडणार नाही. ते गुणफलकात सापडेल. माझे म्हणणे असे की बाजाराचे खेळ महाविद्यालयांत जरूर असावेत, आजच्यापेक्षा अधिक असावेत. पण थोड्या मुदतीत सर्वाधिक नफा दाखवणाऱ्याला बक्षीस देण्याची आजची पद्धत मुलांना नेमके तेच वागणे शिकवते, ज्यापायी देशातले लाखो तरुण ऑप्शनच्या बाजारात, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत भाव चढेल की पडेल यावर होणाऱ्या सौद्यांत, पैसे घालवत आहेत.

विरोध करणाऱ्या पालकांना मागासलेले ठरवण्याची घाई कोणी करू नये, कारण त्यांच्या भीतीला इतिहास आहे. १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघड झाला, तेव्हा आजच्या पालकांपैकी अनेक जण स्वतः शाळा-महाविद्यालयात होते. त्यानंतर जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या योजनेतल्या युनिट्सची विक्री आणि पुनर्खरेदी काही महिन्यांसाठी थांबवली. ही योजना मध्यमवर्गाला बँकेतल्या ठेवीइतकी सुरक्षित वाटत होती. वागळे इस्टेटमधल्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीवर घर उभे केलेल्या माणसाला बाजाराविषयी संशय वाटत असेल, तर तो अज्ञानातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. सट्टा हा शब्द तो उगाच वापरत नाही.

आयोजकांची बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि तिच्यातला सर्वांत बळकट मुद्दा मान्य करूनच पुढे जायला हवे. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ या वर्षात १०० असा धरला आहे. जुलै २०२४ मध्ये तो ८०,००० च्या वर गेला. म्हणजे लाभांश वगळूनही वर्षाला सुमारे १६ टक्के चक्रवाढ वाढ. याच साडेचार दशकांत ज्या कुटुंबांनी आपली सगळी बचत मुदत ठेवी आणि पोस्टाच्या योजनांत ठेवली, त्यांच्या व्याजाचा मोठा भाग महागाईने खाल्ला. बाजारापासून दूर राहण्याचीही किंमत असते, फक्त ती पासबुकात दिसत नाही. खेळांतून मुले शिकतात याला आधारही आहे. अमेरिकेत १९७७ पासून शाळांमध्ये आभासी भांडवलाचा एक खेळ चालतो. तिथल्या शालेय मुलांच्या आर्थिक ज्ञानाच्या पाहण्यांत, वैयक्तिक अर्थव्यवहाराचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांपेक्षा हा खेळ खेळलेल्या मुलांची कामगिरी उजवी असल्याचे दिसले आहे. व्याख्यानाने जे साधत नाही ते खेळाने साधते, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

परंतु ‘साधते’ म्हणजे काय साधते? लाभांश म्हणजे काय, भाव-उत्पन्न गुणोत्तर कसे काढतात, निर्देशांक कसा मोजतात, ही माहिती खेळातून येते. माहिती ही एक गोष्ट झाली आणि सवय ही दुसरी. माहिती परीक्षेत मोजता येते. सवय मोजायला डिमॅट खाते उघडून दोन-तीन वर्षे जावी लागतात, आणि तोवर करंडक कपाटात धूळ खात पडलेला असतो. म्हणून खेळ कोणती सवय लावतो हे पाहायचे असेल, तर त्यात जिंकण्यासाठी काय करावे लागते हे पाहणे भाग आहे.

साधा हिशेब मांडू. एखाद्या महाविद्यालयातले ५१२ विद्यार्थी स्पर्धेत उतरले आणि प्रत्येकाने रोज आपले सगळे आभासी भांडवल बाजार चढेल किंवा पडेल यांपैकी एका बाजूला लावले, तेही निव्वळ अंदाजाने. पहिल्या दिवसानंतर साधारण २५६ बरोबर राहतील, दुसऱ्यानंतर १२८, आणि नवव्या दिवसाअखेर सरासरीने एक जण असा उरेल, ज्याचा एकही अंदाज चुकलेला नाही. तो पहिला येईल. त्याला व्यासपीठावर बोलावून यशाचे रहस्य विचारले जाईल आणि तो प्रामाणिकपणे एखादी पद्धतही सांगेल, कारण आपल्याला काही तरी कळते असे त्याला खरोखरच वाटू लागलेले असेल. आता याच स्पर्धेत एखाद्या विद्यार्थिनीने ताळेबंद वाचून, कर्ज कमी असलेल्या दहा कंपन्या निवडून, भांडवल त्यांत विभागून ठेवले आणि पुढे काहीच केले नाही असे समजा. वर्षाला १६ टक्के हा दीर्घकाळचा दर धरला, तर दोन आठवड्यांत तिच्या वाट्याला अर्धा-पाऊण टक्का येईल. ती गुणफलकाच्या तळाशी कुठे तरी असेल. तिने जे केले त्याला जगभर गुंतवणूक म्हणतात, आणि तिला त्या दिवशी सभागृहात मिळालेला धडा असा की हे करणारे हरतात.

हा दोष मुलांचा नाही, स्पर्धेच्या रचनेचा आहे, आणि तो मुरलेल्या व्यावसायिकांनाही सुटलेला नाही. ब्राउन, हार्लो आणि स्टार्क्स या तीन अभ्यासकांनी १९९६ मध्ये अमेरिकी म्युच्युअल फंडांविषयी असे दाखवले की वर्षाच्या मध्यावर क्रमवारीत मागे पडलेले व्यवस्थापक उरलेल्या महिन्यांत पुढे असलेल्यांच्या तुलनेत जोखीम वाढवतात. वर्षअखेरीची क्रमवारी डोळ्यांसमोर असली की मागे पडलेल्याला शेवटून तिसरे आणि शेवटचे यात फरक उरत नाही. पगारदार, पदवीधर, दुसऱ्यांच्या पैशांना जबाबदार असलेली माणसे जर असे वागत असतील, तर जिथे पैसा खोटा आहे आणि हरण्याची शिक्षा शून्य आहे तिथे एकोणीस वर्षांच्या मुलाने संयम दाखवावा, ही अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची?

ठरलेली शेवटची तारीख माणसाच्या बुद्धीचे काय करते, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. ठाण्यापर्यंत आगगाडी येऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, तेव्हा १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअर्सचे वायदे १ जुलै १८६५ या तारखेचे होऊ लागले. शेअर ताब्यात घेण्याचा हेतू अनेकांचा नव्हताच. त्या तारखेपूर्वी चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा एवढाच बेत होता. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि ती तारीख उजाडली तेव्हा देणी भागवायला पैसे कोणाकडेच नव्हते. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा त्यात बुडाला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. आजच्या साप्ताहिक एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या, दिवशी दुपारनंतर ‘झीरो टू हीरो’च्या आशेने दोन-तीन रुपयांचे कॉल-पुट (भाव चढण्यावर किंवा पडण्यावर लावलेले ऑप्शन) घेणारा तरुण आणि स्पर्धेच्या शेवटच्या दहा मिनिटांत सगळे भांडवल एकाच शेअरमध्ये ओतणारा विद्यार्थी यांच्या मनात चाललेला विचार त्या काळच्या वायदेवाल्यांपेक्षा निराळा नाही.

याहून बोलका दाखला मटक्याचा आहे, आणि या भागातल्या जुन्या माणसांना तो सांगावा लागणार नाही. आकड्याचा जुगार सुरू झाला तो कापसाच्या भावावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे दर मुंबईला येत आणि त्यांच्यावर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. पैसे लावणाऱ्यांनी त्या कापसाचे बोंडही कधी पाहिलेले नव्हते. १९६१ च्या सुमारास ते दर येणे बंद झाले. मग जुगार थांबला का? चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडे काढले जाऊ लागले आणि धंदा पूर्वीपेक्षा जोरात चालू राहिला. म्हणजे कापसाची गरज त्या खेळाला कधी नव्हतीच. बाजाराच्या कोणत्याही खेळाला हीच कसोटी लावावी असे मला वाटते. कंपन्यांची नावे काढून टाका, भावांच्या जागी मडक्यातून काढलेले आकडे ठेवा आणि पाहा की जिंकण्याची युक्ती बदलते का. बदलत नसेल, तर त्या खेळात कंपनी, धंदा, ताळेबंद हे सगळे सजावटीपुरते आहे. आजच्या बहुतेक मॉक स्टॉक स्पर्धा या कसोटीवर टिकणार नाहीत. त्यांतले भाव तर आयोजक विद्यार्थीच ठरवतात.

या सवयीचा पुढचा टप्पा कोणता, हे शेअर बाजाराची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीच्या आकडेवारीत दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे वायदे) आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा उरला तो केवळ एक टक्क्याला. तीस वर्षांखालील ट्रेडरचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. राज्यवार पाहता सर्वाधिक ट्रेडर महाराष्ट्रातले. मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळा आहे: सलग तोटा होऊनही तोट्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, तोटा झालेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते आणि एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींच्या पुढे गेला. हे सगळे मॉक स्टॉक खेळून तिथे पोहोचले असा माझा दावा नाही. तसा तो कोणी करूही नये. परंतु ज्या वयात आणि ज्या शहरांत ही लाट उसळली आहे, त्याच वयात आणि त्याच शहरांत आपण मुलांना भरवशाच्या संस्थेच्या व्यासपीठावरून सांगत आहोत की सर्वस्व लावणारा जिंकतो.

यावर आयोजकांचे उत्तर ठरलेले आहे: पोहणे पुस्तकातून येत नाही, आधी उथळ पाण्यात उतरावे लागते, खोट्या पैशांत चुका करून घेतल्या तर खऱ्या पैशांत त्या होणार नाहीत. उथळ पाण्यातही नाकातोंडात पाणी जाते, म्हणून ती उपमा पोहण्याला शोभते. खोट्या पैशाच्या खेळात नाकातोंडात काहीच जात नाही. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभाच हा आहे की हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचे दुःख समान नसतात. पुढच्या मोजमापांत दुःख साधारण दुप्पट भरले. म्हणूनच माणसे वाढलेला शेअर घाईने विकतात आणि पडलेला शेअर ‘खरेदीचा भाव आला की काढू’ म्हणत वर्षानुवर्षे धरून बसतात, वर आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ही करतात. हे वागणे खेळात दिसतच नाही, कारण तिथे गेलेल्या पैशाला घराच्या हप्त्याचा, बहिणीच्या फीचा किंवा वडिलांच्या नजरेचा वास नसतो. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८,००० च्याही खाली घसरला आणि पुन्हा त्या उंचीवर यायला २०१० ची दिवाळी उजाडली. त्या अडीच-पावणेतीन वर्षांत आपण कसे वागलो असतो, हे दोन तासांचा खेळ कोणाला सांगू शकेल? तो उलट खोटी खात्री देतो, की आपण शांत डोक्याचे आहोत.

खेळ आणखी दोन गोष्टी झाकून ठेवतो. बहुतेक खेळांत दलाली, रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क, जीएसटी यांची वजावट नसते, म्हणून शंभर व्यवहार करणारा आणि पाच करणारा सारखेच दिसतात. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ६६,००० हून अधिक कुटुंबांची १९९१ ते १९९६ मधली खाती तपासली, तेव्हा सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले होते आणि बाजाराने १७.९ टक्के दिले होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. खेळात समोर कोणी नसतो: बटण दाबले की पडद्यावरच्या भावात सौदा होतो. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटाच असतो, आणि सेबीच्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्था आणि स्वतःच्या पैशांनी सौदे करणाऱ्या दलाल संस्था यांनी तिथे जो नफा कमावला, त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक संगणकीय अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. आपल्या समोर कोण बसले आहे हे ज्या खेळात कळतच नाही, त्याला सराव कसा म्हणायचा? दलालाच्या कार्यालयात ऑप्शनचे सौदे हाताळणाऱ्याला एनआयएसएम या रोखे बाजाराच्या शिक्षणसंस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही संस्था सेबीनेच स्थापन केलेली. ग्राहकाला मात्र उत्पन्नाचा एखादा पुरावा पुरतो. ही विषमता मुलांना समजावून सांगण्याऐवजी आपण त्यांना टाळ्यांच्या गजरात बटण दाबायला शिकवतो.

मग बंदीच का नको? सेबीने मे २०२४ मध्ये चालू भाव आभासी ट्रेडिंगच्या आणि खेळांच्या मंचांना देण्यास मनाई केली, नोव्हेंबरमध्ये अशा अनधिकृत मंचांपासून लोकांना सावधही केले. बंदीवाले याचा दाखला देतात. पण सेबीचा रोख ज्या मंचांवर चालू भावांवर पोर्टफोलिओ लावून बक्षिसे वाटली जात होती त्यांच्यावर होता. शिक्षणासाठी जुने भाव वापरण्याची वाट तिने उघडी ठेवली, आणि जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात शिकवणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचे अंतर सांगितले. शिवाय महाविद्यालयाने दार लावून घेतल्याने मुलगा बाजारापासून दूर राहील, हा समज भाबडा आहे. ठाणे स्टेशनच्या आसपासपासून खारघरपर्यंत ट्रेडिंग क्लासच्या पाट्या आहेत, टेलिग्रामवर टिप देणारे आहेत. ठाणे आणि नवी मुंबई पोलिसांकडे बनावट ट्रेडिंग ॲपच्या तक्रारी सातत्याने येत असतात. त्या ॲपची रीत पाहिली तर ती जवळजवळ मॉक स्टॉकचीच आहे: पडद्यावर फुगत जाणारा काल्पनिक नफा, आणि तो पाहून माणसाने खरे पैसे आणखी ओतणे. महिन्यात चाळीस टक्के हा अशक्यप्राय दर आहे हे ज्याला कोणी हिशेबाने दाखवलेले नाही, आणि ज्याने महोत्सवात दोन तासांत त्याहून अधिक ‘कमावले’ आहे, त्याला त्या पडद्याचा संशय यावा कसा? अज्ञानाने संरक्षण होत नाही, आणि चुकीच्या खेळाने तर ते मुळीच होत नाही.

बदल करायला फार काही लागत नाही. २००७ ते २०१० किंवा २०१९ ते २०२१ अशा काळातले खरे भाव घ्यावेत, कंपन्यांची नावे झाकावीत, पण त्यांची विक्री, नफा, कर्ज आणि प्रवर्तकांचा हिस्सा यांचे आकडे द्यावेत, आणि तो तीन-चार वर्षांचा काळ एका सत्रात पुढे सरकवावा. प्रत्येक सौद्यापूर्वी संघाने वहीत दोन ओळींत कारण लिहावे आणि आपण चूक ठरलो हे कशावरून ओळखू तेही लिहावे. प्रत्येक सौद्याला खऱ्या दराने खर्च लावावा. गुण देताना निकाल निर्देशांकाशी ताडून पाहावा, मधल्या काळात भांडवल किती खोल गेले ते मोजावे, आणि निम्मे गुण वहीतल्या कारणांना द्यावेत. असा खेळ मडक्याच्या कसोटीवर टिकतो, कारण कंपनीचे आकडे काढून घेतले की त्यात खेळण्यासारखे काही उरत नाही.

यावर दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला, प्राध्यापकांना वह्या तपासायला वेळ कुठे आहे. चाळीस संघांच्या वह्या तपासणे हे एका तुकडीच्या अंतर्गत परीक्षेपेक्षा कमी काम आहे, आणि एनआयएसएमची प्रमाणपत्रे घेतलेले माजी विद्यार्थी आज या दोन्ही शहरांतल्या अनेक महाविद्यालयांना सहज मिळू शकतात. दुसरा आक्षेप असा की मग स्पर्धेत रंगत काय राहिली, प्रायोजक कशाला येतील, सभागृह कसे भरेल. प्रायोजक दलाली कंपनी असेल, तर तिचा फायदा सौद्यांच्या संख्येत आहे, त्यामुळे तिला जुनाच खेळ आवडेल हे उघड आहे. म्हणूनच गुण देण्याचे नियम महाविद्यालयाने ठरवावेत, प्रायोजकाने नव्हे. आणि रंगतीचे म्हणाल, तर ऑक्टोबर २००८ चे भाव पडद्यावर उतरत असताना, समोरच्या संघाने सगळे विकून टाकलेले असताना, आपल्या वहीतले कारण अजून खरे आहे का यावर तीन मुलांनी आपापसांत हुज्जत घालणे यापेक्षा अधिक रंगतदार प्रसंग वाणिज्य शाखेच्या महोत्सवात दुसरा कोणता असू शकेल, हे मला तरी सांगता येणार नाही. या वर्षीच्या स्पर्धांची नियमावली बहुतेक ठिकाणी अजून छापली गेलेली नसेल. ती छापण्याआधी आयोजक विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी गुणांच्या रकान्यात काय लिहायचे एवढ्या एका प्रश्नावर तासभर बसावे, आणि ज्या पालकांचा विरोध आहे त्यांनाही त्या बैठकीला बोलवावे.